सत्तावीस रेषांच्या मागावर: बैजिक भूमितीचे संशोधन आणि संदर्भांचा अभ्यास जोडीने कसा सुरू करावा

नाशिकमध्ये एम.एस्सी. गणिताच्या दुसऱ्या वर्षाला असलेले विद्यार्थी मला दरवर्षी विचारतात, की बैजिक भूमितीत संशोधन करायचे असेल तर सुरुवात कशी करावी. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत किंवा पुण्याच्या आयसरमध्ये (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत) शिकणाऱ्याला याचे उत्तर पुष्कळदा चहाच्या वेळी मिळून जाते. हा निबंध आधी वाच, तो नंतर वाचलास तरी चालेल, अमुक ठिकाणची सिद्धता जरा सांभाळून घे, असे कोणीतरी वरिष्ठ सांगून जातो. गंगापूर रोडवरच्या खोलीत एकट्याने अभ्यास करणाऱ्याजवळ असा वरिष्ठ नसतो. त्याच्यासाठी हे काम शोधनिबंधाच्या शेवटी दिलेली संदर्भसूची करू शकते, मात्र ती सूची वाचण्याची रीत शिकून घ्यावी लागते. म्हणूनच गणित शिकणे आणि ते गणित कोणी लिहिले, कोणी कोणाचा आधार घेतला हे तपासणे ही दोन कामे पहिल्या दिवसापासून जोडीने करावीत, असे माझे मत आहे. ती कशी करावीत हे एकाच उदाहरणाच्या आधारे सांगतो.

पहिली पायरी: एक उदाहरण हाताने सोडवावे

बैजिक भूमिती म्हणजे बहुपदी समीकरणांच्या उकलींचा भूमितीच्या नजरेने केलेला अभ्यास. शाळेत आपण सरळ रेषा आणि वर्तुळ यांचे छेदनबिंदू काढतो आणि ते कधी दोन, कधी एक, तर कधी शून्य येतात. संमिश्र संख्या स्वीकारल्या, अनंतावरचे बिंदू धरले आणि स्पर्शबिंदू दोनदा मोजला, तर उत्तर नेहमी दोनच येते. म आणि न घातांच्या दोन वक्रांत सामाईक घटक नसेल तर ते अशा मोजणीने नेमक्या म गुणिले न बिंदूंत छेदतात, हे बेझू यांचे प्रमेय याच विचाराचा विस्तार आहे. कोणत्या संख्या घ्यायच्या, कोणत्या अवकाशात काम करायचे आणि कसे मोजायचे हे नीट ठरवले की विस्कळीत दिसणारी उत्तरे एकसारखी होतात. या विषयाची गोडी मला तिथेच लागली.

आता एक पाऊल पुढे जाऊ. अ, ब, क, ड हे चार चल घ्या आणि त्यांच्या घनांची बेरीज शून्य असे समीकरण लिहा. चौघांच्या केवळ गुणोत्तराकडे लक्ष दिले, तर हे समीकरण त्रिमितीय प्रक्षेपीय अवकाशातला, म्हणजे अनंतावरचे बिंदूही धरलेल्या अवकाशातला, एक पृष्ठभाग दाखवते. या पृष्ठभागावर पूर्णपणे सामावलेल्या सरळ रेषा किती, हा आपला प्रश्न आहे. अ आणि ब यांची एक जोडी करा, क आणि ड यांची दुसरी. १ ची संमिश्र घनमुळे तीन असतात. त्यांपैकी एखाद्याने ब ला गुणून, चिन्ह बदलून त्याला अ म्हटले, तर अ आणि ब यांच्या घनांची बेरीज शून्य होते, आणि क व ड यांचेही तसेच. पहिल्या जोडीसाठी तीन पर्याय आणि दुसऱ्या जोडीसाठी तीन, म्हणजे नऊ रेषा. चार चलांच्या दोन-दोन जोड्या तीन प्रकारे लावता येतात, म्हणून एकूण सत्तावीस. याखेरीज एकही रेषा या पृष्ठभागावर नाही, हे वहीत स्वतः सिद्ध करावे. प्रत्येक रेषा उरलेल्यांपैकी नेमक्या दहा रेषांना छेदते, हेही तपासावे. या कामाला दोन संध्याकाळी लागल्या तरी त्या सत्कारणी लागतील.

आश्चर्याची गोष्ट अशी, की तीन घाताचा कोणताही गुळगुळीत, म्हणजे कुठेही टोक किंवा घडी नसलेला, पृष्ठभाग घेतला तरी संमिश्र संख्यांवर रेषा सत्तावीसच निघतात. आपल्या उदाहरणात त्यांपैकी तीनच रेषा वास्तव आहेत. जर्मन गणिती क्लेब्श यांनी १८७१ मध्ये असा पृष्ठभाग दाखवला, की ज्यावर सत्तावीसच्या सत्तावीस रेषा वास्तव असतात.

दुसरी पायरी: पाया

हाताने केलेल्या या उदाहरणानंतरच पाठ्यपुस्तकांकडे वळावे, कारण तोपर्यंत व्याख्या कशासाठी आहेत हे कळू लागलेले असते. रिंग, आयडियल, मोड्यूल, लोकलायझेशन या बीजगणितातल्या संकल्पनांवर पकड नसेल तर पुढे प्रत्येक पानावर अडायला होते. अतिया आणि मॅकडॉनल्ड यांचे १९६९ चे सव्वाशे-एक पानांचे पुस्तक यासाठी पुरेसे आहे, पण त्यातले स्वाध्याय सोडवले तरच, कारण निम्मा विषय स्वाध्यायांतच ठेवलेला आहे. त्याच्या जोडीला बैजिक वक्रांवरचे फुल्टन यांचे पुस्तक घ्यावे. लेखकाने ते सर्वांसाठी विनामूल्य उपलब्ध केले आहे. स्कीम आणि शीफ या आधुनिक, अमूर्त संकल्पनांकडे मात्र घाईने जाऊ नये. ग्रोटेंडीक यांनी १९६० च्या दशकात उभारलेली ही भाषा अतिशय समर्थ आहे, परंतु जुन्या उदाहरणांची ओळख नसलेल्या विद्यार्थ्याच्या हाती तिचे केवळ शब्द लागतात.

संगणकावर मॅकॉले-टू किंवा सिंग्युलर यांपैकी बहुपदींचे हिशेब करणारी एक प्रणाली बसवून घ्यावी. दोन्ही विनामूल्य आहेत. टाटा संस्थेच्या गणित व्याख्यानमालेच्या जुन्या पुस्तिकाही मोफत मिळतात. उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी १९९३ पासून चालू असलेल्या एमटीटीएस या गणित-प्रशिक्षण शिबिराला आणि नंतर राष्ट्रीय गणित केंद्राच्या वार्षिक फाउंडेशन स्कूलला अर्ज करावा. नाशिकच्या विद्यार्थ्याला आपल्यासारखेच अडखळत शिकणारे सोबती तिथे भेटतात, आणि पुढची कित्येक वर्षे त्यांचा उपयोग होतो.

तिसरी पायरी: मूळ लेखापर्यंत मागे जावे

ही पायरी बहुतेक जण गाळतात, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहितो. सत्तावीस रेषांचे प्रमेय आजच्या निबंधांत आर्थर केली आणि जॉर्ज सॅमन या दोघा गणितज्ञांच्या नावाने येते, आणि बऱ्याचदा त्यापुढे कोणताही संदर्भ दिलेला नसतो. काही वर्षांपूर्वी एका टिपणात मी स्वतः याचे सगळे श्रेय आर्थर केली यांना दिले होते, कारण ज्या पुस्तकातून मी ते उचलले त्यात तसे लिहिलेले होते आणि मी मूळ लेख उघडला नव्हता. केली यांचा तो लेख १८४९ मध्ये केंब्रिज अँड डब्लिन मॅथेमॅटिकल जर्नलमध्ये आला. त्यांच्या संकलित लेखनाचे खंड आता स्वामित्वहक्कातून मुक्त झालेले आहेत आणि त्यांच्या छायाप्रती इंटरनेट अर्काइव्हवर विनामूल्य वाचता येतात. तो लेख वाचल्यावर दिसते, की हा विषय केली आणि जॉर्ज सॅमन यांच्या पत्रव्यवहारातून निघाला. अशा पृष्ठभागावर मोजक्याच रेषा असतात हे केली यांच्या लक्षात आले होते, आणि त्या सत्तावीस असतात हे सॅमन यांनी काढले. केली यांनी ते श्रेय आपल्या लेखातच नोंदवले आहे, आणि सॅमन यांचे टिपणही त्याच नियतकालिकात आहे.

लेखकत्वाच्या अभ्यासाचा हा पहिलाच धडा फार मोलाचा आहे. लेखाच्या शीर्षकाखाली एकच नाव असते, पण श्रेय दोघांचे असल्याचे आतला मजकूर सांगतो, आणि हे कोणत्याही माहितीसाठ्याला आपोआप कळत नाही. त्यासाठी लेख उघडून वाचणारा माणूसच लागतो.

मागे जाण्यासाठी एक साधी वही ठेवावी. आपण वाचत असलेल्या निबंधातला प्रत्येक संदर्भ कोणत्या पानावर, कोणत्या वाक्यात आला आहे ते लिहावे आणि तो कशासाठी आला आहे याची नोंद करावी. त्या निबंधातले प्रमेय सिद्धतेत प्रत्यक्ष वापरले आहे का, पद्धत घेतली आहे का, केवळ पार्श्वभूमी म्हणून उल्लेख आहे का, की चूक दाखवण्यासाठी आहे? तीस संदर्भांच्या निबंधात सिद्धतेला खरोखर आधार देणारे संदर्भ मोजकेच आहेत हे अशा नोंदींतून उघड होते, आणि तुमची वाचनयादी तिथेच तयार होते. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात किंवा महाविद्यालयाच्या अभ्यासिकेत बसून, कोणतीही वर्गणी न भरता हे काम करता येते.

चौथी पायरी: पुढचा माग काढावा

मागे जाण्याइतकेच पुढे येणेही आवश्यक आहे, म्हणजे आपण वाचलेल्या निबंधाचा आधार नंतर कोणी घेतला हे शोधावे. मॅथसायनेट हा अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीचा माहितीसाठा उत्तम आहे, पण त्याला वर्गणी लागते. झेडबीमॅथ ओपन २०२१ पासून सर्वांना खुला आहे आणि १८६८ पासूनच्या जर्मन समीक्षा-वार्षिकाच्या नोंदीही त्यात सामावलेल्या आहेत. दोन्हींत विषयांचे एकच वर्गीकरण चालते. बैजिक भूमितीचा क्रमांक १४ आणि क्रमनिरपेक्ष बीजगणिताचा १३, एवढे लक्षात ठेवले तरी शोध बराच सोपा होतो. ताज्या कामासाठी अर्काइव्ह (arXiv, वरच्या इंटरनेट अर्काइव्हहून वेगळा) हा प्रीप्रिंटांचा, म्हणजे छापण्यापूर्वीच्या निबंधांचा, साठा आहे, जो पॉल गिन्सपार्ग यांनी १९९१ मध्ये सुरू केला. त्यातला बैजिक भूमितीचा विभाग रोज पाहावा, मात्र रोज फक्त शीर्षके आणि सारांश, आणि आठवड्यातून एकच निबंध प्रस्तावनेसह.

पुढचा माग काढताना एक गोष्ट सतत ध्यानात ठेवावी. एखाद्या निबंधाचा आधार पुष्कळांनी घेतला म्हणून तो बरोबर ठरत नाही. काप्रानोव्ह आणि वोएवोद्स्की यांच्या १९९१ च्या एका निबंधातल्या मुख्य प्रमेयाला कार्लोस सिम्प्सन यांनी १९९८ मध्ये प्रतिउदाहरण दिले. चूक नेमकी कुठे आहे हे त्यात दाखवलेले नव्हते, आणि आपली सिद्धता चुकली आहे हे वोएवोद्स्की यांना स्वतःला २०१३ मध्ये पटले. मधल्या पंधरा वर्षांत ज्याने केवळ सायटेशन, म्हणजे इतरांनी केलेले संदर्भोल्लेख, मोजली असती, त्याला यातले काहीच कळले नसते. दोन्ही निबंध शेजारी ठेवून वाचणाऱ्याला निदान शंका तरी आली असती.

आपल्या उदाहरणातून पुढे निघालेला एक माग तर थेट मराठी माणसापर्यंत येतो. ज्या संख्याव्यवस्थेत तीनदा १ मिळवले की शून्य येते, म्हणजे जिचे अभिलक्षण ३ आहे, तिच्यात चार घनांची बेरीज ही चारही चलांच्या बेरजेचा घन होते. मग आपला पृष्ठभाग गुळगुळीत राहत नाही. तो तिपदरी झालेले एक प्रतल बनतो आणि सत्तावीस रेषांची गोष्टच संपते. अशा शून्येतर अभिलक्षणाच्या जगात पृष्ठभागांवरचे खडबडीत बिंदू सोडवता येतात का, म्हणजे ते घालवून पृष्ठभाग गुळगुळीत करता येतो का, हा प्रश्न श्रीराम शंकर अभ्यंकर यांनी हार्वर्डमध्ये ऑस्कर झारिस्की यांच्याकडे पीएच.डी. करताना हाती घेतला आणि त्याचे उत्तर १९५६ मध्ये प्रसिद्ध केले. अभिलक्षण शून्य असताना सर्व मितींसाठी हे काम हिरोनाका यांनी १९६४ मध्ये पूर्ण केले. शून्येतर अभिलक्षणात, चार आणि त्याहून अधिक मितींसाठी, तो प्रश्न आजही खुला आहे. अभ्यंकरांनी १९७६ मध्ये पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापन केले. दोन संध्याकाळी वहीत केलेल्या हिशेबापासून सात-आठ पावलांत विद्यार्थी एका खुल्या प्रश्नाच्या दाराशी येऊन उभा राहतो, आणि ती पावले संदर्भांनीच दाखवलेली असतात.

पाचवी पायरी: नावांकडे लक्ष द्यावे

लेखकत्वाचा अभ्यास करताना आपल्याकडच्या नावांचा प्रश्न लगेच समोर येतो. आपण स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशा तीन पदांनी लिहितो. रोमन लिपीत त्याची आद्याक्षरे होतात, आणि एस. आर. पाटील या नावाचे चार वेगवेगळे गणिती माहितीसाठ्यात एकत्र होऊन बसतात. उलट एकाच व्यक्तीची नावे अनेक होतात. अभ्यंकरांच्या सुरुवातीच्या निबंधांवर श्रीराम अभ्यंकर असे नाव आहे, नंतर मधल्या आद्याक्षरासह श्रीराम एस. अभ्यंकर असे येते. लग्नानंतर नाव बदलणाऱ्या संशोधक महिलांचे काम तर दोन अनोळखी व्यक्तींमध्ये वाटले जाते, ही गोष्ट मला फार लागते, कारण त्यांची अर्धी कारकीर्द मोजणीतून निसटून जाते. पहिला निबंध पाठवण्यापूर्वीच आपल्या नावाचे रोमन लिपीतले एक रूप कायमचे ठरवावे आणि २०१२ पासून विनामूल्य मिळणारा सोळा अंकी ऑर्किड हा संशोधकाची ओळख सांगणारा क्रमांक घ्यावा. दुसऱ्यांच्या नावांची यादी करताना आद्याक्षरे जुळली म्हणून व्यक्ती एकच असे धरू नये. संस्था, सहलेखक आणि विषय तिन्ही पडताळावेत.

गणितात सहलेखकांची नावे आडनावांच्या वर्णानुक्रमाने लावण्याचा प्रघात आहे, आणि अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीने २००४ च्या निवेदनात तो स्पष्ट नोंदवला आहे. अभ्यंकर आणि मोह यांच्या १९७५ च्या प्रमेयात अभ्यंकरांचे नाव आधी येते ते वर्णमालेमुळे. म्हणून 'प्रथम लेखक' या कल्पनेला आपल्या विषयात अर्थ नाही. मात्र विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत, तीन किंवा अधिक लेखक असतील तर प्रथम, प्रमुख किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला ७० टक्के आणि इतर प्रत्येकाला ३० टक्के गुण धरले आहेत. ही विभागणी प्रयोगशाळेतल्या विषयांना साजेशी आहे. गणितात तिच्यामुळे आडनाव 'व' या अक्षराने सुरू होणाऱ्याचे नुकसान होऊ शकते. त्यामुळे नोकरीच्या अर्जासोबत नावांचा क्रम वर्णानुक्रमे असल्याची एक ओळ न चुकता जोडावी.

सहावी पायरी: मोजायचे असेल तर सांभाळून मोजावे

संदर्भांच्या मोजणीचे शास्त्र जुने आहे. १९२६ मध्ये लोट्का यांनी दाखवले, की 'न' इतके निबंध लिहिणाऱ्या लेखकांची संख्या साधारणपणे 'न'च्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. ग्रंथालयातल्या मोजणीसाठी 'लायब्रमेट्री' हा शब्द आपल्या ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९४८ मध्ये सुचवला. युजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये विज्ञानासाठी संदर्भ-निर्देशांकाची कल्पना मांडली आणि १९६५ मध्ये डेरेक प्राइस यांनी एकमेकांचे संदर्भ देणाऱ्या निबंधांच्या जाळ्याचे वर्णन केले. हिर्श यांचा एच-निर्देशांक २००५ चा आहे: ज्याच्या एच निबंधांना प्रत्येकी किमान एच सायटेशन आहेत, त्याचा निर्देशांक एच. पाचच निबंध लिहिलेल्या गणितीच्या प्रत्येक निबंधाचा आधार पाचशे जणांनी घेतला तरी त्याचा निर्देशांक पाचच राहतो, हे एकदा कागदावर मांडून पाहावे.

नियतकालिकांचा प्रभावांक, म्हणजे त्यातल्या निबंधांना मिळणाऱ्या उल्लेखांची सरासरी, मागच्या दोनच वर्षांतल्या निबंधांवर ठरतो आणि आपल्या विषयाला तो मुळीच मानवत नाही. बिर्कार, कासिनी, हेकन आणि मॅककर्नन यांचा लघुतम प्रतिमानांवरचा गाजलेला निबंध २००६ मध्ये अर्काइव्हवर आला आणि नियतकालिकात छापला गेला २०१० मध्ये. अर्काइव्हवर येण्यापासून छापला जाईपर्यंतच चार वर्षे गेली. आंतरराष्ट्रीय गणित संघाने इतर दोन संस्थांबरोबर २००८ मध्ये काढलेल्या अहवालात नोंदवले आहे, की गणितातील नियतकालिकांना मिळणाऱ्या संदर्भोल्लेखांपैकी ९० टक्क्यांहून अधिक उल्लेख या दोन वर्षांच्या खिडकीबाहेर पडतात. लहान विषयात थोड्या फुगवलेल्या आकड्यांनीही मोठा फरक पडतो. क्लॅरिव्हेट या कंपनीने २०२३ मध्ये सर्वाधिक उल्लेख असलेल्या संशोधकांच्या यादीतून गणित वगळले, ते याच कारणाने.

तरीही मोजणी शिकावी, कारण तिच्यामुळे विषयाचा आकार कळतो. घन पृष्ठभागांवरील शंभर निबंध झेडबीमॅथमधून निवडावेत. प्रत्येकाचे वर्ष, भाषा, सहलेखकांची संख्या आणि त्याने वापरलेल्या संदर्भांचे वय, म्हणजे निबंध आणि संदर्भ यांच्या प्रकाशनवर्षांतला फरक, स्प्रेडशीटमध्ये भरावा. सरासरीऐवजी मध्यक काढावा, कारण १८४९ चा एखादाच संदर्भ सरासरीला ओढून नेतो. निवड कशी केली हे आधी लिहून ठेवावे आणि निकाल पाहून ती बदलू नये. केली-सॅमन यांच्या नावाने, पण संदर्भाशिवाय आलेले उल्लेख वेगळ्या रकान्यात घालावेत. हा रकाना माहितीसाठा देणार नाही, तो तुम्हाला निबंध उघडूनच भरावा लागेल.

सातवी पायरी: पहिले टिपण आणि पहिली भेट

एका वर्षाच्या अखेरीस आठ-दहा पानांचे टिपण लिहावे. त्यात एका प्रमेयाची स्वतःच्या शब्दांतली संपूर्ण सिद्धता, त्या प्रमेयाचा मागचा आणि पुढचा माग, आणि न सुटलेला एक नेमका प्रश्न असावा. जो निबंध स्वतः उघडला नाही तो संदर्भात घालू नये. दुसऱ्याच्या पुस्तकातून कळला असेल तर तसे स्पष्ट लिहावे.

मग मार्गदर्शक शोधावा. पुण्याला बसने जावे, किंवा सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने मुंबई गाठावी, पण त्याआधी ज्यांना भेटायचे त्यांचे दोन निबंध वहीतल्या रीतीने वाचलेले असावेत. पत्र अर्ध्या पानाचे लिहावे आणि सोबत टिपण जोडावे. आपल्याला या विषयाची आवड आहे एवढेच सांगण्यापेक्षा, तुमच्या निबंधातल्या अमुक पायरीपाशी मी अडलो, अमुक संदर्भ तपासला तरी उलगडा झाला नाही, असे लिहिलेले पत्र वाचले जाण्याची शक्यता कितीतरी अधिक असते. भेटीला जाताना वही बरोबर न्यावी आणि पुढे कोणते तीन निबंध वाचू, कोणत्या क्रमाने वाचू, एवढाच प्रश्न विचारावा. उत्तर तारखेसह त्याच वहीत, सत्तावीस रेषांच्या हिशेबानंतरच्या पानावर लिहून घ्यावे.